सत्तारभाईंच्या पेटीतला लाल रॉड

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही — खरं तर पुरावा तिच्याच हातात आला होता, आणि तिने तो मोरीत झटकून टाकला. मुलीपुढे नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यापुढे तर नाहीच. अकरा वर्षं झाली. तुम्हाला तरी सांगावं का, हे अजून माझं पुरतं ठरलेलं नाही. तुम्ही कोण, हे पुढे कुणाला सांगाल, कुठल्या शब्दांत सांगाल — असले प्रश्न डोक्यात येतातच. काय करणार, स्वभाव आहे. मी संशयी माणूस आहे.

म्हणजे किती? सोनाळ्याच्या ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचो तेव्हा पोरं मला पाठीमागे 'सीआयडी सर' म्हणायची. दूधवाला माप ओतताना मी त्याच्या अंगठ्याकडे बघायचो. कुणी ताप आहे म्हणाला की कपाळाला हात लावून खात्री करायचो. एसटीतल्या शेजाऱ्याने पत्ता विचारला तर शेजारच्या गावाचा सांगायचो. यात मला लाज वाटत नसे, उलट ऐट होती. अख्ख्या गावात आपल्याला कुणी फसवू शकत नाही, याची ऐट. आणि गंमत बघा — आयुष्यात एकदाच असं काम माझ्याकडे चालून आलं, जिथे हा स्वभाव दोष नव्हता, पात्रता होती.

सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, पाटबंधाऱ्याच्या कुठल्याशा जुन्या योजनेतला अर्धवट सोडलेला एक बोगदा आहे. त्यात वटवाघळं आणि गुराख्यांच्या विड्यांची थोटकं, एवढंच असायचं. एक दिवस पुण्याकडच्या एक बाई, सोबत दोन विद्यार्थी घेऊन आल्या. शास्त्रज्ञ होत्या. त्यांना सगळे मॅडमच म्हणायचे, मीही तेच म्हणतो. त्यांना सूर्य मोजायचा होता — जमिनीखालून.

हसलात ना? गावही हसलं. पारावर एकाने मला सरळ विचारलं, "सर, सूर्य वरतं हाये, अन् तुम्ही त्याले मोजाले खालतं काऊन जाऊन राह्यले?" प्रश्न भाबडा वाटतो, पण भाबडा नव्हता. गावाला पक्का संशय होता की आत गुप्तधन आहे. काहींना वाटायचं, सरकार तिथे अणूचा कचरा पुरणार आहे. बाई सूर्याचं नाव सांगतात आणि डोंगर पोखरतात — कोण विश्वास ठेवील?

खरं असं होतं. सूर्याच्या पोटात जी भट्टी चालते तिच्यातून न्यूट्रिनो नावाचे कण निघतात. उजेडाला सूर्याच्या पोटातून बाहेर यायला हजारो वर्षं लागतात. हे कण मात्र थेट निघतात आणि आठ-साडेआठ मिनिटांत आपल्यापर्यंत पोचतात. तुम्ही हे वाचताय तेवढ्यात तुमच्या अंगठ्याच्या नखातून अब्जावधी गेलेसुद्धा. ते कशालाच अडत नाहीत, ना भिंतीला, ना डोंगराला, ना अख्ख्या पृथ्वीला. फार क्वचित एखादा कण स्वच्छ तेलातल्या कशाला तरी धडकतो आणि बारीकशी चमक होते. ती चमक पाहायची तर आभाळातून सतत पडणारा बाकीचा कणांचा पाऊस आधी गाळावा लागतो. त्याची चाळणी म्हणजे डोंगर. म्हणून जमिनीखाली जायचं.

पण डोंगर वरचं गाळतो, खालचं नाही. दगडात, सिमेंटात, लोखंडात, आपल्या घामातसुद्धा थोडी किरणं सोडणारी द्रव्यं असतात, आणि तीही तशाच चमका पाडतात. आपला काळा पत्थर त्या बाबतीत गरीब, त्यात युरेनियम-थोरियम फार कमी. म्हणून मॅडमना ही जागा आवडली होती. आधी एक छोटं स्टीलचं भांडं, शेतातल्या पाण्याच्या टाकीएवढं, आत बसवायचं, तेल भरायचं आणि जागा किती शांत आहे ते बघायचं. ही परीक्षा पास झाली तर मागून मोठं भांडं येणार होतं. सूर्य खरा मोजणारं. आपल्या सोनाळ्यात.

मॅडमना स्वच्छतेची नोंदवही ठेवणारा कुणीतरी गावातलाच हवा होता. कुणावरही विश्वास न ठेवणारा. कॉलेजच्या प्राचार्यांनी माझं नाव सांगितलं तेव्हा म्हणे ते हसत होते.

मी ती वही कशी ठेवली म्हणून सांगू! बोगद्याच्या तोंडाशी एक खोली बांधली होती. आत जाणाऱ्याने तिथे अंगावरचे सगळे कपडे उतरवायचे, हातपाय धुवायचे, धुतलेला पांढरा झगा आणि हातमोजे घालायचे, मग वहीत सही करायची. घड्याळ नाही, अंगठी नाही, पावडर नाही, अंगारा नाही. केळं खाऊन आलेल्याला मी परत हात धुवायला पाठवायचो, कारण केळ्यात पोटॅशियम. मॅडमना एकदा टिकली काढायला लावली. पुण्याच्या त्या दोन पोरांना माझी भाषा ऐकून हसू यायचं — 'मले', 'तुले' म्हटलं की एकमेकांकडे बघायचे. त्यांना तर मी तीन-तीनदा धुवायला लावायचो. हो, मुद्दाम.

आता सत्तारभाईंकडे येतो. खरं तर पहिल्या वाक्यापासून त्यांच्याकडेच यायचं होतं, मी वळसा घेतोय. तुमच्या लक्षात आलंच असेल.

सत्तारभाई रोहिणखेडचे. जुन्या मशिदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं वर्कशॉप होतं. आर्गन वेल्डिंग करायचे, स्टीलचं, मुख्यतः दुधाच्या टाक्या. पन्नाशी ओलांडलेली, बारीक अंगाचे, बोलणं कमी. मॅडमनी मोठ्या शहरांतल्या कारागिरांकडून नमुन्याचे जोड करून घेतले होते, सगळ्यांत कुठे ना कुठे बारीक भोक निघालं. सत्तारभाईंच्या जोडात निघालं नाही. गव्हाच्या लोंबीसारखा एकसारखा जोड. मॅडम त्यावरून बोट फिरवत राहिल्या होत्या.

इथे एक गोष्ट समजून घ्या, सगळं तिच्यावर आहे. या वेल्डिंगमध्ये ठिणगी धरायला टंगस्टनचा रॉड लागतो. बाजारात जो सर्रास मिळतो त्याचं टोक लाल रंगवलेलं असतं. लाल म्हणजे त्यात थोरियम मिसळलेलं. ठिणगी छान धरतो, म्हणून सगळे तोच वापरतात. दुधाच्या टाकीला त्याने काही होत नाही. पण आमच्या भांड्याला थोरियम म्हणजे विष. म्हणून मॅडमनी थोरियम नसलेले, करड्या टोकाचे रॉड आणून दिले होते. आणि माझं काम? जोडाचं काम चालू असेपर्यंत स्टुलावर बसायचं, डोळ्यांपुढे काळी काच धरायची, आणि लागलेला प्रत्येक रॉड वहीत लिहायचा.

एकोणीस दिवस मी त्या स्टुलावर बसलो. सत्तारभाई रॉड लावण्याआधी दर वेळी तो माझ्यापुढे धरायचे, टोक माझ्याकडे करून, आणि म्हणायचे, "लिवा, सर. करडा." मी लिहायचो. एकदाही चुकले नाहीत. एकदा मी मुद्दाम खिडकीकडे बघत बसलो, बघू हा माणूस काय करतो म्हणून. ते रॉड हातात धरून थांबून राहिले. मी वळेपर्यंत थांबले. त्यांच्या पेटीत लाल टोकाचे रॉड होते, वरच्या कप्प्यात, रुमालात बांधलेले. त्यांनीच मला पहिल्या दिवशी दाखवले होते. म्हणाले, हे घरच्या कामाचे, इकडे लागणार नाहीत, पण तुम्हाला माहीत असलेले बरे.

त्यांनीच दाखवले होते. हे मी पुन्हा लिहितो, कारण पुढे याचं मी काय केलं ते सांगायचं आहे.

झाकण बसवायचा दिवस आला. त्याच सकाळी सरपंच पंधरा-वीस माणसं घेऊन बोगद्याशी आले — आम्हाला दाखवा, आत काय चाललंय ते. वातावरण तापलेलं होतं. मॅडम गोंधळल्या. मी म्हटलं, मी समजावतो. वर्गात मी एक प्रयोग दाखवायचो. गॅसबत्तीचं मेंटल असतं ना, वरातीतल्या बत्तीत जळतं ती जाळी — जुन्या मेंटलमध्ये थोरियम असतं. किरणं मोजायचं यंत्र त्याच्याजवळ नेलं की ते कडकड वाजतं. एक जळकं मेंटल मी काड्यापेटीत ठेवलेलं होतं. ती काड्यापेटी शर्टाच्या खिशात टाकून मी आलो. यंत्र मेंटलजवळ धरलं, ते वाजलं. डोंगराच्या दगडाला लावलं, ते जवळपास गप्प. म्हटलं, बघा, इथे अणूचा कचरा असता तर हे यंत्र ओरडलं असतं. लोकांना पटलं. सरपंच माझ्या पाठीवर थाप मारून गेले. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही नसता तर आज काही खरं नव्हतं."

मी फुगलो होतो. उशीर झाला होता. तेलाचा टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता. मी खोलीत गेलो, आणि शर्ट न काढता त्यावरच झगा चढवला. मी — ज्याने मॅडमची टिकली काढायला लावली! वहीत 'कपडे बदलले' या रकान्यात स्वतःची सही स्वतःच केली. माझी सही तपासणारं तिथे कोण होतं?

झाकणाच्या आतली कड शेवटची पुसायची होती. जवळचं दिसेना, म्हणून झग्याच्या गळ्यातून हात घालून खिशातला चष्मा काढला. मोजे घातलेल्याच हाताने. चष्मा लावला. आणि त्याच हाताने कड पुसली. एवढंच. झाकण बसलं, बोल्ट आवळले गेले, मॅडमनी पेढे वाटले.

संध्याकाळी घरी बायकोने शर्ट धुवायला घेतला आणि विचारलं, "काय हो, खिशात रांगोळी भरली होती काय?" मी बघितलं. काड्यापेटी चेपली होती. जळकं मेंटल म्हणजे राखच, हात लागला की पीठ होतं. खिशाच्या शिवणीत ते पांढरं पीठ बसलं होतं. तिने खिसा उलटा केला, मोरीत झटकला, वर पाणी ओतलं. मी दारात उभा होतो. मला त्या क्षणी सगळं कळलं. 'कदाचित' वगैरे काही नाही — कळलं.

टँकर सकाळी यायचा होता. एक फोन केला असता तर झाकण उघडून भांडं पुन्हा धुता आलं असतं. दोन-तीन दिवसांचं काम. मी फोन केला नाही. का? सीआयडी सर, फिजिक्सचा मास्तर, थोरियम म्हणजे काय हे गावात ज्याला एकट्याला कळतं, तोच ते खिशात घालून आत गेला — हे मला त्या दोन पोरांपुढे बोलायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. सबब म्हणून देत नाही, विचाराल म्हणून सांगतो.

तेल भरलं. मोजणी सुरू झाली. थोरियमची एक खूण असते — एक चमक, आणि तिच्या पाठीला लागूनच दुसरी. अशा जोड्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसू लागल्या. पहिल्या दिवशी थोड्या, मग रोज. मॅडमचा चेहरा उतरत गेला.

आणि मग सुरू झाला संशय. तेलावर, स्टीलवर, चमक टिपणाऱ्या काचेच्या दिव्यांसारख्या नळ्यांवर, बोगद्यातल्या हवेवर. कुणाचाच कुणावर भरोसा उरला नाही. पोरं एकमेकांच्या वह्या चोरून बघायची. मॅडम मध्येच बोलणं थांबवून समोरच्याकडे बघत राहायच्या. आणि सगळ्यांत पुढे कोण? मी. सिमेंटचे नमुने काढ, पाण्याचे काढ, ट्रकवाल्याला फोन कर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तसं. पण एक सांगतो — मला त्या धावपळीत बरं वाटायचं. मी शोधतोय म्हणजे मी नाही, असं मलाच कधीकधी वाटून जायचं. शक्य आहे हे? आहे.

मग त्या पोरांपैकी एक म्हणाला की वेल्डिंगच्या रॉडमध्येसुद्धा थोरियम असतं. मॅडम माझ्याकडे वळल्या. "सर, वेल्डिंगच्या वेळी तुम्ही होतात ना? काही वेगळं पाहिलंत?"

मी म्हणालो, "सत्तारभाईंच्या पेटीत लाल टोकाचे रॉड होते. मी पाहिले होते."

खरं वाक्य आहे. प्रत्येक शब्द खरा. पुढचं अर्धं वाक्य — पण त्यांनी ते लावले नाहीत, एकोणीस दिवस मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो — ते मी गिळलं. मॅडमनी वही उघडली. "पण इथे तर सगळीकडे करडाच लिहिलाय, तुमच्या अक्षरात." मी मान खाली घातली आणि म्हणालो, "मधे मधे मी चहाला जायचो, मॅडम. चुकलं माझं." बघा कसं ते. न केलेली छोटी चूक कबूल करून टाकली, आणि तिच्या आड मोठी लपवली. मॅडमना माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं असावं. त्या मला रागावल्यासुद्धा नाहीत.

सत्तारभाईंना बोलावून घेतलं. मॅडम वाईट नव्हत्या, त्यांनी समोरासमोर विचारलं. सत्तारभाई रोहिणखेडहून दोन बस बदलून आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांना वाटलं होतं, मोठ्या भांड्याचं काम सांगायला बोलावलंय. प्रश्न ऐकल्यावर त्यांना आधी तो कळलाच नाही. मग म्हणाले, "नाई मॅडम. लाल तं घरच्या कामाचे. इथं एकबी नाई लावला. सराले विचारा ना, सर तिथंच बसून राहत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सत्तारभाईंनीही पाहिलं — अगदी निर्धास्त, पावती दाखवल्यावर माणूस बघतो तसं. मी वही हातात घेतली, पानं चाळू लागलो. पुढे, मागे, पुन्हा पुढे. काही शोधत असल्यासारखा. डोकं वर केलं तेव्हा ते मॅडमकडे नाही, माझ्याकडेच बघत होते, पण त्या बघण्यात आता फरक होता. ते उठले. "ठीक हाये," म्हणाले, आणि चपला घालून गेले.

भांडं रिकामं केलं, कापलं. ठरलेल्या मुदतीत परीक्षा झालीच नाही, मोठं भांडं दुसऱ्या कुठल्या डोंगरात गेलं. बोगदा परत वटवाघळांचा झाला. तिकडे रोहिणखेडला बातमी पोचायला वेळ लागत नाही — सत्तारने महागाचे रॉड ठेवून घेतले आणि हलके लावले. दुधाच्या टाक्यांची कामं दुसरीकडे जाऊ लागली. त्यांच्या नावावरून, त्यांच्या वस्तीवरून लोक काय बोलले असतील ते मी सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. मला ते पारावर ऐकू आलं. मी चहा पीत होतो. चहा पीत राहिलो.

इथेच संपलं असतं तरी मी नीच ठरलो असतो. पण संपलं नाही.

सात-आठ महिन्यांनी मॅडमचा ईमेल आला. जोडांचे तुकडे त्यांनी एका मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवले होते. जोड स्वच्छ निघाले. थोरियम कुठून आलं ते कळलं नाही, पण वेल्डिंगमधून नक्की आलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं — सत्तारभाईंना तुम्ही स्वतः जाऊन भेटा, माझ्या वतीने माफी मागा, फोनवर नको. मी ते पाच-सहा वेळा वाचलं. आणि पहिला विचार काय आला? की यात काही डाव आहे. मॅडमना कळलंय आणि त्या मला पारखताहेत. नाहीतर मलाच का सांगितलं? मी दोन दिवस त्या ईमेलचा एकेक शब्द तपासला. डाव नव्हता. सरळ माणसाने सरळ लिहिलेलं होतं.

मी उत्तर लिहिलं, 'सांगितलं, मॅडम.' त्यांनी विचारलं, काय म्हणाले ते? मी लिहिलं, 'मोठ्या मनाने घेतलं.'

मी गेलो नव्हतो. जोड स्वच्छ, म्हटल्यावर पुढचा प्रश्न कुणीतरी विचारणारच ना — मग थोरियम आलं कुठून? सत्तारभाई कमी बोलायचे, पण डोकं चालणारा माणूस. सरपंचांसमोर वाजवलेलं ते यंत्र, ती काड्यापेटी — त्या दिवशी झाकण बसवायला तेही हजर होते. त्यांनी सगळं पाहिलेलं होतं. जुळवायला कितीसा वेळ लागला असता?

निवृत्त झाल्यावर आम्ही चिखलीला राहायला आलो, बायकोचं माहेर तिथलं. गेल्या महिन्यात कुकरची रिंग गेली. मार्केट यार्डाच्या रस्त्याला कुकर-मिक्सरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, तिथे गेलो. गल्ल्यावर सत्तारभाई बसलेले. दुकान त्यांच्या जावयाचं. त्यांना सांगायलाच गेलो होतो असं मी आता लिहू शकतो, तुम्हाला कुठे पडताळता येणार आहे? पण नाही. रिंग आणायला गेलो होतो, आणि ते दिसल्यावर परत फिरणार होतो, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

दाढी पांढरी झाली होती. चहा मागवला. वर्कशॉपचं विचारलं तर म्हणाले, बंद केलं, सात-आठ वर्षं झाली. मशीन विकली. मी म्हटलं, कामं येत नव्हती म्हणून? तसं नाही, म्हणाले, थोडीफार येत होती. जावई तर अजून मागे लागतो, इथेच दुकानामागे मशीन टाकू म्हणतो. मग त्यांनी दुकानाबाहेर नजर टाकली, जवळ कुणी नाही असं पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"सर, एक विचारू? तुम्ही तं सारं पाहून राह्यले होते. माह्या हातून चुकून लाल रॉड लागला असंल काय? खरं सांगा. मले नाई आठवत. म्या लय आठवून पाह्यलं. पण मॅडम एवढ्या शिकलेल्या, मशीन थोडीच खोटं बोलते? मंग वाटते, नजर कमी झाली असंल, करडा समजून लाल उचलला असंल. तवापासून हातात वेल्डिंगचा टॉर्च घेतला का भेव वाटते. आपल्याच हाताचा भरोसा नाई, तं लोकाच्या टाक्या काय जोडाव?"

अकरा वर्षं हा माणूस स्वतःचे हात तपासत होता. प्रत्येक करडा रॉड त्याने मला दाखवून लावला होता, आणि आता त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. माझ्याकडे ईमेल होता. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. मेंटलबद्दल काही नाही, खिशाबद्दल काही नाही, फक्त — नाही, सत्तारभाई, लाल लागला नाही. दोन शब्द. माझ्या डोक्यात काय आलं माहीत आहे? की हे मला बोलतं करायला विचारताहेत का. त्यांना ठाऊक आहे का. मी त्यांचा चेहरा बारकाईने पाहिला, दूधवाल्याचा अंगठा बघायचो तसा. काही नव्हतं त्यात. फक्त विचारत होते.

मी म्हणालो, "असंल, सत्तारभाई. माणूस हाये. चुकते."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. आणि मग — रडले वगैरे नाहीत, उलट ओझं उतरल्यासारखे थोडे हसले. माझा हात धरला.

"बरं झालं सांगतलं, सर. लय वर्षं मनात एक घाण घेऊन बसलो होतो. वाटे, कोणीतरी जाणून माह्यावर आळ घेतला. लय जणांवर शक घेतला म्या. खोटं कायले बोलू — तुमच्यावर बी घेतला होता. नमाज पढतानी बी मनात यायचं. माफ करा मले."

चहा आला होता. बाहेर ट्रॅक्टर मागे घेत होते, त्याचा आवाज चालला होता. सत्तारभाईंनी माझा हात सोडला नव्हता, ते उत्तराची वाट बघत होते.

"जाऊ द्या, सत्तारभाई," मी म्हणालो. आणि मी त्यांना माफ केलं.